वहीतलं अक्षर आणि यकृतातलं तांबं

कसबा पेठेतल्या तांबट आळीत हातोड्याचे ठोके अजून ऐकू येतात. पुण्याच्या वैद्यकातही तांब्याची एक गोष्ट आहे. १९८०च्या दशकात केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर तान्ह्या मुलांच्या जीवघेण्या यकृतविकाराचा माग काढत स्वयंपाकघरात पोचले. संशय होता तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेल्या दुधावर. भांडी बदलली, तो आजारही ओसरला.

पण भांड्याचा काही दोष नसतानाही यकृतात तांबं साठतं. तो विल्सनचा आजार. डाळ, शेंगदाणे, तीळ यांतून रोज थोडं तांबं पोटात जातंच. जास्तीचं यकृत पित्तातून बाहेर टाकतं. एटीपी७बी या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्या की ही मोरी तुंबते. आईवडिलांकडे सहसा एकेकच सदोष प्रत असते, त्यामुळे ते ठणठणीत. ‘आमच्या घराण्यात कुणालाच नाही’ हे म्हणून खरं असतं, आणि निदानाला बिनकामाचं.

शाळकरी मुलाला कावीळ होते. घरचे ती ‘उतरवून’ आणतात, पथ्य होतं, आणि काही महिन्यांनी डोळे पुन्हा पिवळे. एखाद्याचं अक्षरच बिघडतं. जूनमधली वही दिवाळीनंतरच्या वहीशेजारी ठेवून पाहा; तांबं मेंदूत पोचलं की हात असा बोलतो. आपण मात्र आळशी म्हणून ओरडतो.

नेत्रतज्ज्ञ स्लिट लॅम्पखाली बुबुळाच्या कडेला साठलेल्या तांब्याचं सोनेरी-तपकिरी कडं शोधतात. ते नसलं म्हणून सुटका नाही: फक्त यकृताची तक्रार असलेल्या सुमारे निम्म्याच रुग्णांत ते दिसतं. रक्तात सेरुलोप्लाझ्मिन हे तांबं वाहून नेणारं प्रथिन बहुधा डेसिलिटरमागे २० मिलिग्रॅमच्या खाली जातं. गंमत म्हणजे त्यामुळे रक्तातलं एकूण तांबंही अनेकदा कमीच भरतं आणि रिपोर्ट वाचणारा फसतो. म्हणून २४ तासांची लघवी. सकाळची पहिली सोडून द्यायची, वेळ लिहायची, दुसऱ्या दिवशीच्या पहिलीपर्यंतची सगळी लॅबने दिलेल्या कॅनमध्ये. रविवार बरा, शाळेत कॅन कोण नेणार! १०० मायक्रोग्रॅमच्या वर तांबं आलं तर संशय बळावतो. अडलं तर यकृताचा तुकडा तपासतात, जनुक वाचतात.

औषध म्हणून पेनिसिलामिन किंवा झिंक आयुष्यभर. तांब्याच्या बाटलीतलं पाणी बंद. आणि सख्ख्या भावंडाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक. अंगणात उड्या मारणाऱ्या धाकटीचंही रक्त त्याच आठवड्यात तपासायला द्यायचं.