आरिका

दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या उत्तर टोकावरचे पॅसिफिक किनाऱ्यावरील बंदर. आरिका व पारिनाकोता या प्रदेशाची राजधानी. लोकसंख्या सुमारे २ लाख २१ हजार (२०१७). पेरूची सीमा येथून जेमतेम १८ किमी.वर आहे. बंदर चिलीचे, पण धक्क्यावर चढणारा-उतरणारा बहुतांश माल बोलिव्हियाचा, आणि १८८० पर्यंत शहर पेरूचे. तीन देशांचा जीव या एका गावात अडकलेला आहे, आणि तो का अडकला हे समजल्याशिवाय आरिका समजत नाही.

गाव आताकामा वाळवंटाच्या कडेला आहे. वर्षाचा सरासरी पाऊस एक मिलिमीटरही भरत नाही. ऑक्टोबर १९०३ ते जानेवारी १९१८ अशी सलग चौदा वर्षे येथे पावसाची नोंद झाली नाही. तरीही लोयुता आणि आसापा या दोन खोऱ्यांतल्या पाण्यामुळे वस्ती फार जुनी आहे. येथील चिंचोरो लोकांनी सुमारे सात हजार वर्षांपूर्वी जतन केलेली शवे गावालगतच्या मोरो टेकडीच्या पायथ्याशी सापडली असून २०२१ मध्ये ती स्थळे जागतिक वारसा ठरली.

स्पॅनिश लोकांनी १५४१ मध्ये येथे ठाणे वसवले. चारच वर्षांनी पोतोसीच्या (आजच्या बोलिव्हियातील) डोंगरात चांदी सापडली आणि आरिकाचे नशीब ठरून गेले. पोतोसीला समुद्राची जवळची वाट ही होती. लामा हे ओझे वाहणारे प्राणी आणि खेचरे यांच्या तांड्यांवरून चांदी खाली उतरे, तर ती शुद्ध करण्यासाठी लागणारा पारा याच वाटेने वर जाई. चांदीच्या वासाने चाचे आले; १५७९ मध्ये फ्रान्सिस ड्रेकही येऊन गेला.

१३ ऑगस्ट १८६८ च्या भूकंपाने आणि त्यामागून आलेल्या त्सुनामीने गाव धुऊन नेले. बंदरात नांगरलेली ‘वॉटरी’ ही अमेरिकी युद्धनौका सपाट बुडाची असल्यामुळे लाटेवर तरंगत किनाऱ्यापासून आत वाळूत जाऊन सरळ बसली. तिचे गंजलेले बाष्पपात्र आजही गावाच्या उत्तरेला उघड्यावर पाहायला मिळते. पडलेल्या चर्चच्या जागी आयफेलच्या कारखान्यात घडवलेले लोखंडी सुटे भाग जहाजाने आणून सान मार्कोसचे चर्च उभे राहिले.

१८२५ मध्ये बोलिव्हिया स्वतंत्र झाला, तेव्हा त्याचा नैसर्गिक दरवाजा असलेले आरिका मात्र पेरूकडे राहिले. बोलिव्हियाच्या वाट्याला दक्षिणेचा ओसाड किनारा आला आणि त्याचा व्यापार बव्हंशी आरिकातूनच चालत राहिला. पुढच्या साऱ्या तंट्याचे मूळ मला १८७९ च्या युद्धापेक्षा या वाटणीत अधिक दिसते.

त्या युद्धात (पॅसिफिकचे युद्ध) चिली एका बाजूला, तर पेरू व बोलिव्हिया दुसऱ्या बाजूला होते. ७ जून १८८० रोजी चिलीच्या फौजेने मोरो टेकडी सर केली. शेवटचे काडतूस संपेपर्यंत लढू, असे उत्तर शरणागतीच्या मागणीला देणारे पेरूचे कर्नल फ्रान्सिस्को बोलोग्नेसी तेथेच पडले. हा दिवस पेरूत ध्वजदिन म्हणून पाळतात आणि आरिकात विजयाची स्थानिक सुट्टी म्हणून. सीमेच्या दोन्ही बाजूंना, एकाच तारखेला.

१८८३ च्या आंकोन तहाने ताक्ना व आरिका हे प्रांत दहा वर्षांसाठी चिलीकडे गेले. त्यानंतर ते कोणत्या देशाकडे राहावेत यावर सार्वमत घ्यायचे होते. ते कधीच झाले नाही. मतदार कोण, यावरच चर्चा अडली. अमेरिकेचा लवाद आला, जनरल पर्शिंग देखरेखीला आले, आणि १९२६ मध्ये खुले सार्वमत अशक्य असल्याचे जाहीर झाले. शेवटी १९२९ च्या लिमा तहाने ताक्ना पेरूला परत मिळाले, आरिका चिलीकडे राहिले. चिलीने पेरूला ६० लाख डॉलर दिले, शिवाय आरिकात पेरूसाठी धक्का, जकात कचेरी आणि ताक्ना रेल्वेचे स्थानक देण्याचे कबूल केले. त्याची पूर्ण अंमलबजावणी व्हायला १९९९ उजाडले.

बोलिव्हियाची वाट वेगळ्या कागदाने आखली. चिलीशी १९०४ मध्ये झालेल्या तहात त्याने युद्धात गमावलेल्या आपल्या किनाऱ्यावर पाणी सोडले. बदल्यात चिलीने आरिका ते ला पाझ रेल्वे स्वखर्चाने बांधायची आणि मालाला कायमची मुक्त वाहतूक द्यायची. १९१३ मध्ये सुरू झालेली ही सुमारे ४४० किमी.ची रेल्वे समुद्रसपाटीपासून ४,२०० मीटरच्या वर चढते. वाफेच्या इंजिनांच्या काळात तीव्र चढावर दातेरी रूळ लागत. आज बराचसा माल चुंगारा सीमानाक्यामार्गे ट्रकने जातो. बोलिव्हियाचे जकात अधिकारी आरिकातच बसतात, आणि त्या देशात जाणारा माल बंदरात वर्षभर, तर निर्यातीचा माल ६० दिवस विनाभाडे ठेवता येतो.

इतके असूनही स्वतःचा किनारा हवा ही बोलिव्हियाची मागणी मिटली नाही. १९७५ मध्ये सीमेवरच्या चारान्या रेल्वेस्थानकावर चिलीचे सत्ताधीश पिनोचेट आणि बोलिव्हियाचे बान्सेर भेटले आणि आरिकाच्या उत्तरेने बोलिव्हियाला पट्टी देण्याची बोलणी सुरू झाली. येथे लिमा तहाचा जोड-करार आडवा आला : हे प्रांत तिसऱ्या देशाला द्यायचे तर चिली आणि पेरू दोघांचीही संमती हवी. पेरूने तिन्ही देशांच्या सामायिक सार्वभौमत्वाचा प्रस्ताव मांडला, चिलीने तो नाकारला आणि १९७८ मध्ये बोलिव्हियाने चिलीशी राजनैतिक संबंध तोडले. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१८ मध्ये निर्णय दिला, की चिलीवर वाटाघाटी करण्याचे कायदेशीर बंधन नाही.

राजधान्यांतले हे तंटे गावाच्या रोजच्या व्यवहारात फारसे उतरत नाहीत. आरिकाची माणसे शेअर टॅक्सीत बसून ताक्नाला दातांच्या डॉक्टरकडे, चष्मा करायला आणि जेवायला जातात. संध्याकाळी घरी परततात.

चिली-पेरूची सीमारेषाही रेल्वेकडे बघून आखलेली आहे : लोयुता नदीवरील रेल्वेपुलाच्या उत्तरेला दहा किमी.वर ती सुरू होते आणि शक्य तेथे रुळांपासून तेवढेच अंतर राखत जाते, म्हणजे गाडी चिलीच्या हद्दीतून थेट बोलिव्हियात शिरावी. हेगच्या न्यायालयाने २०१४ मध्ये चिली-पेरूची सागरी हद्द ठरवली : किनाऱ्यापासून ८० सागरी मैल अक्षवृत्ताला धरून, पुढे समान अंतराच्या रेषेने. पण जमिनीवरची रेषा वाळूत नेमकी कुठे संपते, हे त्या निकालाने सांगितले नाही. पहिला सीमास्तंभ आणि भरतीची रेषा यांमधल्या काही हेक्टरांच्या त्रिकोणावर दोन्ही देश अजून हक्क सांगतात.