मुलांच्या आधारची प्रत काढायला येताना

शाळाप्रवेश, आरटीई आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म सुरू झाले की आमच्या झेरॉक्स-प्रिंटच्या दुकानाच्या काउंटरवर दिवसभर एकच गोंधळ असतो. आई मुलाला घेऊन येते, आधार डाउनलोड करायला सांगते. ओटीपी जातो बाबांच्या मोबाइलवर आणि बाबा कंपनीत. मग फोनाफोनी, आकडे मोठ्याने वाचून दाखवणे, रांगेतल्या सगळ्यांनी ते ऐकणे. तोवर ओटीपीची मुदत संपते आणि पहिल्यापासून सुरुवात.

म्हणून सांगतो: मुलाच्या आधारला जो नंबर जोडलेला आहे, तो फोन सोबत आणा. फोनवरून विचारलेला ओटीपी आम्ही टाकत नाही. यावरून लोक चिडतात, पण आज दुकानाला ओटीपी सांगायची सवय लागली, तर उद्या ‘शाळेतून बोलतोय’ म्हणणाऱ्यालाही तो तितक्याच सहज सांगितला जाईल. जोडलेला नंबर बंद झाला असेल, तर तो आधार केंद्रात बदलून घ्या. ते काम आमच्याकडे होत नाही.

‘पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, पासवर्ड आहेच की!’ असेही बरेच जण म्हणतात. हा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मसाल. वर्गाच्या यादीत दोन्ही असतात. ती फाइल पालकांच्या ग्रुपवर पडली की उघडीच समजा.

नुसत्या क्रमांकावरून खात्यातले पैसे जात नाहीत, हे खरे. पण क्रमांक, फोटो, जन्मतारीख, पत्ता एकत्र मिळाले की दुसऱ्याच्या नावाने खोटे कागद रंगवणे सोपे जाते. मोठ्यांना निदान बँकेचा मेसेज येतो. मुलाच्या नावाकडे मात्र तो कमवायला लागेपर्यंत कोणी बघत नाही, आणि आधार क्रमांक तर जन्मभर तोच.

त्यामुळे आम्ही आधी मास्क्ड आधार सुचवतो. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. शाळेने पूर्ण प्रतच मागितली, तर झेरॉक्सवर आडवे लिहा: ‘फक्त अमुक शाळेच्या प्रवेशासाठी’, खाली तारीख आणि सही. पेन काउंटरवर बांधून ठेवले आहे. बिघडलेली झेरॉक्स टेबलावर टाकून जाऊ नका, श्रेडर दाराशीच आहे.

सायबर कॅफेत ई-आधार (डाउनलोड केलेले आधार) काढू नका, काढलेच तर फाइल कायमची पुसा, असे मे २०२२ मध्ये यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या संस्थेच्या) बंगळुरू कार्यालयाने सांगितले होते. दोन दिवसांत ते पत्रक मागे घेतले गेले. सल्ला मात्र आमच्यासारख्या दुकानांना लागू पडणाराच होता. आम्ही प्रिंटनंतर फाइल तुमच्यासमोर पुसतो, रीसायकल बिनही रिकामे करतो. स्क्रीन तुमच्याकडे वळवलेली आहे ती त्यासाठीच. ‘मागच्या वर्षीची फाइल असेल ना तुमच्याकडे?’ याचे उत्तर म्हणून नेहमी ‘नाही’.

आलाच आहात तर यूआयडीएआयच्या मायआधार वेबसाइटवर मुलाच्या आधारची ऑथेंटिकेशन हिस्टरीही बघून घ्या. गेल्या सहा महिन्यांत ते कुठे वापरले गेले, ते कळते. अनोळखी नोंद दिसली तर १९४७ या आधार हेल्पलाइनवर फोन करा. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर.

निळे बाल आधार असलेले मूल पाच वर्षांचे झाले की बोटांचे ठसे, डोळ्यांचे स्कॅन आणि नवा फोटो द्यावा लागतो. पाच ते सात वयात हे मोफत आहे. आधार केंद्राची अपॉइंटमेंट आम्ही काढून देतो.

फॉर्म आमच्याकडे भरल्यास मास्क्ड प्रतीचे वेगळे पैसे नाहीत. बाबांना सुट्टी रविवारीच असते, म्हणून या दिवसांत रविवारीही सकाळी ९ ते १ दुकान उघडे आहे.