चित्राचं सोंग घेतलेलं अक्षर

पुतणीचा फोन आला तेव्हा ती रडायच्या बेतात होती. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, त्या दिवशी प्रोजेक्टचा डेमो. "काका, घरी सगळं व्यवस्थित चालत होतं. लॅबमध्ये उघडलं तर आधी बराच वेळ नुसतं पांढरं पान. मग पान आलं, पण अर्ध्या आयकॉनच्या जागी चौकोन, आणि वरच्या पट्टीत चित्रांऐवजी मेनू, होम, सर्च असे इंग्रजी शब्दच छापून आले. सर म्हणाले व्हायरस असेल. मैत्रीण म्हणतेय आज अमावास्या आहे, तारीख बदलून मागायला हवी होती."

व्हायरस नव्हता. अमावास्या होती, पण तिचा काही संबंध नव्हता. तिच्या पानाला तीन वेगवेगळे आजार एकदम झाले होते आणि तिघांची कारणंही वेगळी होती. परीक्षक पुन्हा यायला तासभर होता, तेवढ्यात फोनवरून उपाय झाला. पण त्या तासाभरात जे सांगायचं राहिलं, ते इथे सांगतो.

आधी पांढरं पान. आपल्याला एक दिसणारं वेबपान हे खरं तर बऱ्याच फाइलींचं गाठोडं असतं. मजकूर एचटीएमएल फाइलीत, तो दिसावा कसा हे स्टाइलशीटमध्ये, म्हणजे सीएसएस फाइलीत. ही विभागणी हाकोन विउम ली यांनी १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये मांडली. तेव्हा ते सर्न या युरोपीय अणुसंशोधन प्रयोगशाळेत होते, जिथे वेबचाच जन्म झाला. १९९६ च्या डिसेंबरात सीएसएसची पहिली आवृत्ती प्रमाण म्हणून जाहीर झाली. पानाच्या डोक्यात, म्हणजे हेड भागात, स्टाइलशीटची लिंक असेल तर ती फाइल हातात पडेपर्यंत ब्राउझर पान रंगवत नाही. नेपथ्य लागल्याशिवाय पडदा वर करायचा नाही, तसंच. नाहीतर आधी उघडंबोडकं पान दिसेल आणि क्षणभराने सगळं जागचं हलेल.

पुतणीची एक स्टाइलशीट परक्या सर्व्हरवरून येत होती आणि लॅबची फायरवॉल, म्हणजे नेटवर्कच्या दारावरची राखणदार, बाहेरच्या पत्त्यांना वाट देत नव्हती. तिने "नाही" असं स्पष्ट म्हटलं असतं तर ब्राउझरने ती फाइल सोडून लगेच पान दाखवलं असतं. पण अनेक फायरवॉल नकार देतच नाहीत, आलेला निरोप गिळून गप्प बसतात. ब्राउझर बिचारा दारात उभा, आणि आत कुणी आहे की नाही तेच कळेना. शेवटी कंटाळून त्याने नाद सोडला, तेव्हा पान आलं.

फायरवॉल नसती तरी परक्या सर्व्हरकडे जाणं फुकट नसतं. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर धरा, म्हणजे नुसती एक जा-ये ६५ मिलिसेकंदांची. ही निसर्गाने घातलेली मर्यादा, केबलचे वळसे वेगळेच. नव्या सर्व्हरशी बोलणं सुरू करायला एक जा-ये ओळखीची, एक कुलूप-किल्ली ठरवायची, तिसरी प्रत्यक्ष फाइल मागायची. त्याआधी नावावरून पत्ता शोधायचा तो निराळा. गूगल फॉन्ट्स या फुकट फॉन्ट पुरवणाऱ्या सेवेत तर स्टाइलशीट एका डोमेनवरून येते आणि फॉन्ट दुसऱ्याच, म्हणजे हा सोपस्कार दोनदा. मोठ्या सीडीएनचे, म्हणजे फाइलींच्या प्रती जगभर ठेवणाऱ्या सेवांचे, सर्व्हर मुंबईतही असतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे इतके वाईट नसतात, हे खरं.

पण सीडीएनबद्दल जे सगळ्यात ठासून सांगितलं जातं ते आता खरं राहिलेलं नाही. "अमुक फॉन्ट लाखो साइट वापरतात, त्यामुळे तो वाचकाच्या ब्राउझरमध्ये आधीच साठवलेला असतो, पुन्हा उतरवावा लागत नाही." कॉलेजच्या नोट्समध्ये हे वाक्य अजून जिवंत आहे. एके काळी ते बरोबर होतं. मग लक्षात आलं की एखादी फाइल किती चटकन आली हे मोजून कुठलीही साइट ताडू शकते की तुम्ही आधी कुठे कुठे फिरून आलात. म्हणून ब्राउझरांनी साठवणीला साइटवार भिंती घातल्या. सफारीने २०१३ मध्ये, क्रोमने २०२० च्या शेवटी, फायरफॉक्सने २०२१ च्या जानेवारीत. आता एका साइटसाठी उतरवलेला फॉन्ट दुसऱ्या साइटला मिळत नाही, फाइल तीच असली तरी. आणि परका सर्व्हर म्हटला की वाचकाचा आयपी पत्ता त्याच्याकडे जातो. जर्मनीत म्युनिकच्या न्यायालयाने २०२२ च्या जानेवारीत याच कारणासाठी, गूगल फॉन्ट्स गूगलच्या सर्व्हरवरून आणल्याबद्दल, एका साइटच्या मालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली. रक्कम किरकोळ, पण मालकाने केलं होतं काय, तर एक लिंक चिकटवली होती.

आता चौकोन. इथे मला थोडं मागे जावं लागेल, कारण आयकॉन फॉन्ट ही मुळात एक सोंग घेण्याची कला आहे.

संगणकाच्या लेखी अक्षर म्हणजे क्रमांक. युनिकोड या जगभरच्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात देवनागरी 'क'चा क्रमांक ०९१५. तो क्रमांक कसा दिसावा ते फॉन्ट ठरवतो. क्रमांक मजकुरात, आकृती फॉन्टात. मग एखाद्या फॉन्टने अक्षराच्या जागी घराचं चित्र काढून ठेवलं तर? कोण अडवणार? ब्राउझर ते अक्षर समजूनच छापेल, हवं तेवढं मोठं करेल, हव्या त्या रंगात रंगवेल. २०१२ मध्ये आलेल्या फॉन्ट ऑसमने हेच केलं आणि जगभरच्या साइटना आयकॉन पुरवले. मात्र खऱ्या अक्षरांचे क्रमांक बळकावले तर घोळ होतो, म्हणून त्यांनी युनिकोडची एक मोकळी जमीन वापरली. या खासगी पट्ट्यात ६,४०० जागा आहेत आणि तिथे काय बसवायचं हे युनिकोड कधीच ठरवणार नाही, असं वचन आहे. फॉन्ट ऑसममध्ये घर बसलंय एफ०१५ या जागेवर. फॉन्ट आला तर घर; नाही आला तर त्या क्रमांकाला जगात काहीच अर्थ नाही. मग ब्राउझर रिकामा चौकोन काढतो.

पुतणीने आदल्या रात्री शहाणपणा केला होता. लॅबमध्ये इंटरनेट नसेल म्हणून फॉन्ट ऑसमची सीएसएस फाइल उतरवून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टाकली. नुसती सीएसएस. फॉन्टची फाइल शेजारच्या वेबफॉन्ट्स नावाच्या फोल्डरमध्ये असते, आणि सीएसएस तिला "माझ्या एक पायरी वर जा, मग त्या फोल्डरमध्ये शिर" असा पत्ता सांगते. पत्ता मोजायचा तो सीएसएस फाइलीपासून, एचटीएमएलपासून नव्हे. इथे भलेभले घसरतात. तिच्याकडे तो फोल्डरच नव्हता. वर फॉन्ट मागितला जातो फार उशिरा: आधी पान यावं, मग सीएसएस, मग ब्राउझरला कळावं की या फॉन्टचं अक्षर इथे खरंच लागणार आहे, तेव्हा कुठे मागणी जाते. म्हणून चूक शेवटी उघडी पडते. घरी रात्री दीड वाजता पान पुन्हा उघडून बघायचं त्राण तिच्यात नव्हतं.

हे चौकोन आपल्याला नवे नाहीत. युनिकोड रुळण्याआधी मराठी वृत्तपत्रांच्या साइटी आपापले फॉन्ट वापरत. इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी आकृत्या बसवलेल्या. फॉन्ट नसला की अग्रलेखाच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ. रुपयाचंही तेच झालं. १५ जुलै २०१० ला सरकारने ₹ हे चिन्ह स्वीकारलं. युनिकोडमध्ये ते ऑक्टोबरात आलं, आणि संगणकांवर पोचायला आणखी वेळ लागला. मधल्या काळात फोरेडियन या कंपनीने एक फुकट फॉन्ट काढला. कीबोर्डवर टॅबच्या वरच्या बटणावर जी उलटी तिरकी बारीक रेघ असते, तिच्या जागी रुपया. देशभर धडाधड वापरला गेला. ज्याच्याकडे फॉन्ट नव्हता त्याला बिलात `५०० असं दिसायचं. काही दुकानांची बिलं अजून तशीच येतात, नीट बघा.

सोंग आणि अर्थ यांची गल्लत झाली की अफवाही पिकतात. विंगडिंग्ज हा चित्रांचा फॉन्ट १९९० चा. न्यूयॉर्कवरच्या २००१ च्या हल्ल्यानंतर एक ईमेल जगभर फिरला: विमानाचा क्रमांक क्यू३३एनवाय विंगडिंग्जमध्ये लिहा, आणि बघा! विमान, मनोऱ्यासारखे दोन आकार, कवटी, ज्यूंचा तारा. अंगावर काटा आणणारं खरंच. फक्त त्या क्रमांकाचं विमान नव्हतंच. मनोऱ्यांवर आदळलेली विमानं अमेरिकनचं ११ आणि युनायटेडचं १७५. मनोरे म्हणजे कागदाची चित्रं, आणि क्रमांक चित्रं जुळावीत म्हणून मागाहून बनवलेला. आपल्याकडे नावाच्या स्पेलिंगमध्ये एक 'ए' वाढवून नशीब फिरवणारे अंकशास्त्री याच कुळातले.

आता तिसरा आजार, माझा लाडका: चित्रांच्या जागी शब्द. पुतणीच्या वरच्या पट्टीतली चित्रं गूगलच्या मटेरियल आयकॉन्स या फॉन्टातली, आणि फायरवॉलने अडवलेली स्टाइलशीट त्याचीच. या फॉन्टात क्रमांक लिहावा लागत नाही. पानात चक्क एच, ओ, एम, ई ही चार अक्षरं लिहायची आणि त्या जागी घर उमटतं. ही जादू नाही, आणि मराठी माणसाला तर हिचं नवल वाटायलाच नको. कारण आपण रोज जे 'क्ष' लिहितो ते नेमकं असंच उमटतं.

'क्ष' टाइप केल्यावर फाइलीत 'क्ष' साठवला जातच नाही. साठवले जातात तीन क्रमांक: क, हलन्ताचं चिन्ह, ष. ओपनटाइप या सध्या रूढ असलेल्या प्रकारच्या फॉन्टच्या पोटात एक तक्ता असतो, जीसब नावाचा. 'या आकृत्या ओळीने आल्या तर त्या काढून ही आकृती ठेव' असे शेकडो नियम त्यात असतात. त्यातला एक सांगतो की क, हलन्त, ष दिसले की 'क्ष' ठेव. नियमांचे गट पाडलेले असतात, आणि प्रत्येक गटाला चार इंग्रजी अक्षरांची खूण. क्ष आणि ज्ञ ज्या गटात येतात त्याची खूण ए-के-एच-एन, म्हणजे आपला 'अखंड'. आंतरराष्ट्रीय प्रमाणात आपला शब्द असा बसलाय. रफाराचा गट वेगळा. मराठीची खास खोडी तर आणखी बारीक: 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांत पहिल्याला साधा र, दुसऱ्याला नुक्त्याचा ऱ साठवतात, पुढचं हलन्त आणि य तेच. तेवढ्या एका क्रमांकावरून रफार द्यायचा की मिशीसारखा अर्धा र काढायचा हे ठरतं, आणि गुरुजींना द्यायची दक्षिणा स्वयंपाक्याला जात नाही. ज्या फॉन्टच्या तक्त्यात हा नियम नाही, तिथे पाय मोडलेला ऱ तसाच उभा राहतो.

मटेरियल आयकॉन्सने हाच तक्ता वापरला, फक्त गट वेगळा, एल-आय-जी-ए. रोमन लिपीत एफ आणि आय जोडून लिहिण्याची जी छपाईतली सजावट असते, तिचा हा गट. म्हणजे एच-ओ-एम-ई हे चार अक्षरांचं एक जोडाक्षर, आणि त्याचा आकार घराचा. फरक एवढाच की अखंड गट सक्तीचा आहे आणि हा ऐच्छिक. हा फरक फार महागात पडतो. सीएसएसमध्ये कुणी अक्षरांतलं अंतर वाढवलं की ब्राउझर ऐच्छिक जोडण्या बंद करतो. आपला क्ष अखंड राहतो, पण घर मोडून चार अक्षरं विखुरतात. पट्टीतला मजकूर कॅपिटल करायचा नियम लावला की मोठ्या अक्षरांसाठी तक्त्यात नियम नसतो, घर पुन्हा मोडतं. आणि सगळ्यात गंमत: ब्राउझरमध्ये पानाचं मराठी भाषांतर चालू केलं की भाषांतर करणारं यंत्र इमानदारीने तो शब्दही मराठीत आणतं. फॉन्टला मराठी 'घर' ओळखता येत नाही, मग चित्राच्या जागी अक्षरं. त्यासाठी त्या शब्दावर 'भाषांतर नको' अशी खूण घालावी लागते.

फॉन्ट येईपर्यंत काय दाखवायचं, हे सांगणारी एक सीएसएस सूचना असते. वेग तपासणारी साधनं सरसकट 'स्वॅप' सुचवतात, म्हणजे तोवर साध्या फॉन्टात मजकूर दाखवा. बातमीसाठी उत्तम, आयकॉनसाठी वाईट, कारण मग हे शब्द मुद्दाम डोळ्यांसमोर येतात. तिथे 'ब्लॉक' बरं, साधारण ३ सेकंद जागा कोरी ठेवणारं.

तरीही चौकोन आणि शब्द यांत निवडायचं तर मी शब्द निवडेन. फॉन्ट मेला तरी 'मेनू' वाचता येतं. दृष्टिहीन माणसाच्या स्क्रीन रीडरलाही शब्द वाचता येतो. खासगी पट्ट्यातल्या क्रमांकाचं तो काय करणार? त्याहून बरं म्हणजे सोंगच नको, चित्राला चित्रच राहू द्यावं. एसव्हीजी हा चित्राचा प्रकार रेषांच्या सूत्रांत लिहिलेला असतो आणि थेट पानात ठेवता येतो. प्रोग्रामर जिथे आपला कोड ठेवतात त्या गिटहबने २०१६ च्या फेब्रुवारीत आपला आयकॉन फॉन्ट सोडून तोच धरला. फॉन्ट ऑसम ४.७ ची फाइल चांगली दाबूनही सुमारे ७७ हजार बाइटांची, तिच्यात ६७५ चित्रं. पुतणीला लागत होती आठ.

तिने तासाभरात तेच केलं: आठ एसव्हीजी पानात चिकटवले, बाहेरची लिंक काढली. डेमो झाल्यावर पुन्हा फोन. परीक्षकांनी आयकॉनकडे बघितलंसुद्धा नाही म्हणे. त्यांनी डेटाबेसची आकृती मागितली, आणि ती राहिली होती घरच्या लॅपटॉपमध्ये.