दिवाळे काढायलाही वकील लागतो

२२ फेब्रुवारी १९७६ रोजी अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात 'ॲरिझोना रिपब्लिक' या वर्तमानपत्रात एक लहानशी जाहिरात आली. जॉन बेट्स आणि व्हॅन ओस्टीन या दोन तरुण वकिलांनी चक्क आपले दरपत्रक छापले होते. बिनविरोध घटस्फोट १७५ डॉलर, नाव बदलणे ९५ डॉलर, आणि धंद्याशी संबंध नसलेली, कुणाचा वाद नसलेली वैयक्तिक दिवाळखोरी २५० डॉलर. कोर्टाचे ५५ डॉलर वेगळे. नवराबायकोने मिळून अर्ज केला तर वकिलाचे ३००.

त्या काळी वकिलाने जाहिरात करणे हा व्यवसायाच्या शिस्तीचा भंग होता. राज्याच्या वकील संघटनेने दोघांवर कारवाई केली. प्रकरण वर चढत सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २७ जून १९७७ रोजी पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने वकिलांना जाहिरातीची मोकळीक मिळाली. आज अमेरिकेत हमरस्त्यावरच्या फलकांवरून 'कर्जातून सुटका' देऊ करणारे वकील हसतात, त्याचे मूळ त्या दरपत्रकात आहे.

या गर्दीतून वकील निवडताना लोक अनुभव विचारतात, ओळखीपाळखीत चौकशी करतात, पहिली भेट फुकट आहे का ते बघतात. ते सगळे ठीकच. पण माझ्या मते सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: या वकिलाची फी केव्हा आणि कुठून येणार? हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, ते कळायला थोडे मागे जावे लागते.

इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या राजवटीत, १५४२ साली, दिवाळखोरीचा पहिला कायदा झाला, तेव्हा दिवाळखोर हा गुन्हेगारच धरला होता. त्याची मालमत्ता हुडकून धनकोंमध्ये वाटायची एवढाच कायद्याचा हेतू. उरलेले कर्ज माफ होऊ शकते हा विचार आला तो राणी ॲनच्या काळात, १७०५ च्या कायद्यात. सहकार्य करणाऱ्याला मुक्ती, आणि लबाडीने माल दडवणाऱ्याला फाशी! प्रामाणिक ऋणकोला सवलत आणि लबाडाला शिक्षा ही जोडी तेव्हापासून सुटलेली नाही. फक्त फासाचा दोर गेला.

अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेने देशभर एकसारखा दिवाळखोरी कायदा करण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, दिला. पण कायदा काही लगेच झाला नाही. मधल्या काळात स्वातंत्र्ययुद्धाला पैसा उभा करून देणारा रॉबर्ट मॉरिस जमिनींच्या सट्ट्यात बुडाला आणि १७९८ साली फिलाडेल्फियाच्या कर्जदारांच्या तुरुंगात गेला. जॉर्ज वॉशिंग्टन त्याला भेटायला गेले आणि तुरुंगातच त्याच्याबरोबर जेवले. अखेर १८०० साली कायदा झाला आणि पुढच्या वर्षी मॉरिस सुटला. मात्र हा कायदा फक्त व्यापारी, सावकारी पेढीवाले आणि दलाल यांच्यासाठी होता आणि अर्ज करण्याचा हक्क धनकोंनाच होता. शेतकरी, कारागीर, मास्तर यांच्यासाठी त्यात काही नव्हते. १८०३ साली तो रद्दच झाला.

सामान्य माणसाला आपणहून 'माझ्याने फेडणे होत नाही' असे कोर्टात सांगण्याची सोय झाली ती १८३७ च्या आर्थिक मंदीनंतर, १८४१ च्या कायद्याने. इथे पहिल्यांदा वकिलांना धंदा मिळाला, आणि त्या वकिलांत इलिनॉयच्या स्प्रिंगफील्डमधले लोगन आणि लिंकन हे भागीदार होते. होय, तेच अब्राहम लिंकन. गंमत म्हणजे लिंकन स्वतः कर्जात पोळलेले होते. न्यू सेलममधले त्यांचे भागीदारीतले दुकान बुडाले, वसुलीत घोडा आणि जमीनमोजणीची उपकरणे लिलावात गेली. जेम्स शॉर्ट नावाच्या मित्राने ती विकत घेऊन परत केली, म्हणून पोट चालले. लिंकननी ते कर्ज पुढे वर्षानुवर्षे फेडले. आपल्या अशिलांना मात्र त्यांनी कायद्याची वाट दाखवली. हा कायदाही टिकला नाही. फेब्रुवारी १८४२ मध्ये लागू झाला, मार्च १८४३ मध्ये गेला. यादवी युद्धानंतरचा १८६७ चा कायदा १८७८ पर्यंत चालला.

त्यानंतरची २० वर्षे देशाला दिवाळखोरीचा केंद्रीय कायदाच नव्हता. मार्क ट्वेन नेमके याच काळात सापडले. १८९४ साली त्यांची प्रकाशनसंस्था बुडाली. कर्ज फेडायला त्यांनी जगभर व्याख्यानांचा दौरा काढला, आणि त्याच दौऱ्यात जानेवारी १८९६ मध्ये ते मुंबईला आले होते. त्यांनी पै न पै फेडली याचे कौतुक होते आणि व्हावेही. पण व्याख्यान ऐकायला जगभर लोक तिकीट काढतील असे किती कर्जदार असतात?

१८९८ साली टिकाऊ कायदा आला. १९७८ पर्यंत, म्हणजे ८० वर्षे, तोच दुरुस्त्यांसह चालला. या काळात दिवाळखोरीचे वकील मात्र बदनाम राहिले. बुडालेल्या माणसाची उरलीसुरली मालमत्ता हाताळायची आणि त्यातूनच आपले पैसे काढायचे, असा हा व्यवसाय. ठरावीक टोळकी आपापसात कामे वाटून घेत. १९२९ साली न्यूयॉर्कमधल्या अशा गैरप्रकारांची मोठी चौकशी झाली. ती चालवणारे विल्यम डोनोव्हन पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हेरखात्याचे प्रमुख झाले. नामांकित वकिली पेढ्या या कामाला हात लावायलाही तयार नसत.

याच काळात दोन गोष्टी घडल्या आणि आजच्या कर्जदारापुढचे दोन्ही रस्ते त्यातून आले. पहिली, १९३४ चा 'लोकल लोन कंपनी विरुद्ध हंट' खटला. कर्जमुक्ती झाल्यावर माणसाच्या पुढच्या पगारावर जुन्या कर्जाचा हक्क राहत नाही, त्याला नव्याने सुरुवात करता आली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. दुसरी गोष्ट अलाबामातल्या बर्मिंगहॅमची. मंदीत तिथले पगारदार कामगार पगारजप्तीने मेटाकुटीला आले होते. तिथल्या दिवाळखोरी न्यायालयाने कामगाराच्या पगारातून थोडे थोडे पैसे जमा करून धनकोंना वाटण्याची पद्धत बसवली. १९३८ च्या चँडलर कायद्याने ती देशभर नेली. आजच्या दिवाळखोरी संहितेतले तेरावे प्रकरण, 'चॅप्टर १३', ते हेच.

१९७८ च्या नव्या संहितेने रस्ते स्पष्ट आखले. 'चॅप्टर ७' मध्ये कायद्याने राखून ठेवलेल्या वस्तू सोडून बाकीची मालमत्ता त्या प्रकरणासाठी नेमलेल्या विश्वस्ताच्या ताब्यात जाते, ती विकून धनकोंना वाटतात आणि उरलेले बहुतेक कर्ज माफ होते. प्रत्यक्षात बहुसंख्य लोकांकडे विकण्यासारखे काही नसतेच, त्यामुळे काही महिन्यांत प्रकरण मिटते. 'चॅप्टर १३' मध्ये मालमत्ता हातात राहते, पण तीन ते पाच वर्षे उत्पन्नातून हप्ते भरावे लागतात. थकलेल्या गृहकर्जाची बाकी हप्त्यांत भरून घर वाचवायचे असेल तर हाच मार्ग. दोन्हीकडे अर्ज दाखल होताच वसुली थांबते: फोन, पत्रे, पगारजप्ती, घराचा लिलाव. कर्जात बुडालेल्याला खरा श्वास मिळतो तो या स्थगितीने.

त्याच १९७८ साली आणखी एक निकाल लागला, ज्याचा दिवाळखोरीशी वरवर संबंध दिसत नाही. 'मार्केट (Marquette) नॅशनल बँक' खटल्यात न्यायालयाने म्हटले की, बँक ज्या राज्यात आहे त्या राज्याचा व्याजदर ती दुसऱ्या राज्यातल्या ग्राहकालाही लावू शकते. १९८० साली साउथ डकोटाने व्याजावरची मर्यादा उठवली आणि सिटी बँकेने आपला क्रेडिट कार्डांचा कारभार तिकडे हलवला. कार्डे सहज मिळू लागली, कर्जे वाढली, दिवाळखोरीचे अर्जही. आणि जाहिरातीची मुभा मिळालेले वकील तयारच होते.

पतसंस्था आणि बँकांचे म्हणणे पडले की लोक सहज दिवाळे काढतात. अनेक वर्षांच्या आग्रहानंतर २० एप्रिल २००५ रोजी अध्यक्ष बुश यांनी नव्या कायद्यावर सही केली. १७ ऑक्टोबरपासून तो लागू होणार होता, तेव्हा त्याआधी झुंबड उडाली. त्या वर्षी २० लाखांहून जास्त अर्ज आले. नव्या कायद्याने 'चॅप्टर ७' घेता येईल का हे ठरवायला कर्जदाराच्या उत्पन्नाची राज्याच्या मध्यक उत्पन्नाशी तुलना करणारी 'मीन्स टेस्ट' आणली, अर्जाआधी १८० दिवसांच्या आत मान्यताप्राप्त संस्थेचे पतसमुपदेशन सक्तीचे केले, आणि एकदा 'चॅप्टर ७' ने मुक्ती मिळाली की त्याच मार्गाने पुन्हा मिळण्यासाठी ८ वर्षांचे अंतर घातले. अशिलाच्या कागदांची वाजवी चौकशी केल्याची जबाबदारी वकिलाच्या सहीवर टाकली. कागद वाढले, जोखीम वाढली, साहजिकच फीदेखील वाढली. दिवाळे काढणे महाग झाले. हे म्हणताना हसू येते, पण त्यात हसण्यासारखे काही नाही.

या कायद्याने वकिलांना जाहिरातीत 'आम्ही कर्जमुक्ती साहाय्य संस्था आहोत' असे वाक्य छापायला लावले. वकिलांना ते अपमानास्पद वाटले. मिनेसोटातल्या एका पेढीने सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली. २०१० साली निकाल लागला: वाक्य छापावेच लागेल.

आता फीकडे येऊ. 'चॅप्टर ७' मध्ये वकिलाचे पैसे सहसा अर्जाच्या आधीच चुकते करावे लागतात, कारण बाकी राहिलेली फी हेही एक कर्जच आणि तेही माफ होऊन जाते. विश्वस्ताने नेमलेला नसेल तर कर्जदाराच्या वकिलाला मालमत्तेतून फी मिळत नाही, हे २००४ च्या 'लॅमी' निकालाने पक्के केले. 'चॅप्टर १३' मध्ये मात्र फी हप्त्यांतून, इतरांच्या आधी वसूल होते. म्हणजे ज्याच्या खिशात आज काहीच नाही, त्याला 'आत्ता एक पैसाही नको' म्हणणारा वकील बहुतेक वेळा पाच वर्षांच्या हप्त्यांकडे नेतो. ते हप्ते पुरे न झाल्याने प्रकरण फेटाळले जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. फेटाळले की कर्ज तसेच, स्थगिती संपली, आणि फी गेलेली.

दक्षिणेतल्या अलाबामा, टेनेसी, जॉर्जिया या राज्यांत 'चॅप्टर १३' चे प्रमाण फार जास्त आहे, ते केवळ कर्जदारांच्या गरजेमुळे नाही, तिथल्या वकिली रिवाजामुळेही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्राउचर, कोहेन आणि लॉलेस या संशोधकांनी वकिलांना एकाच आर्थिक परिस्थितीतल्या जोडप्यांची माहिती पाठवली. बदलली फक्त नावे आणि चर्च. जोडपे कृष्णवर्णीय वाटले की 'चॅप्टर १३' चा सल्ला जास्त वेळा मिळाला. सल्ला देणारे बहुतेक सद्‍हेतूचेच असावेत, आणि नेमके म्हणूनच हा प्रयोग अस्वस्थ करतो.

दिवाळ्याशिवायही मार्ग आहेत. १९५१ पासून काम करणाऱ्या राष्ट्रीय पतसमुपदेशन प्रतिष्ठानाच्या सदस्य संस्था व्याज कमी करून घेऊन एकत्रित हप्त्याची योजना आखतात. मुद्दल मात्र पूर्ण फेडावे लागते. दुसरीकडे तडजोडीच्या कंपन्या. त्या कर्जदाराला धनकोंचे हप्ते थांबवून वेगळ्या खात्यात पैसे साठवायला सांगतात आणि नंतर निम्म्यात मिटवू म्हणतात. यांच्यापैकी फोनवरून गिऱ्हाइके मिळवणाऱ्यांना २०१० पासून संघीय व्यापार आयोगाने आगाऊ फी घ्यायला बंदी केली आहे, एक तरी कर्ज मिटल्याशिवाय पैसे मागता येत नाहीत. आणि तडजोडीत माफ झालेली रक्कम साधारणपणे करपात्र उत्पन्न धरली जाते, दिवाळखोरीत माफ झालेली रक्कम तशी धरली जात नाही. हा फरक कंपन्या हळू आवाजात सांगतात. विद्यार्थी कर्जाला मात्र दिवाळखोरीतही सहज मुक्ती नाही. १९७६ पासून हे दार टप्प्याटप्प्याने बंद होत गेले.

वकिलाने किती फी घेतली आणि कुठून, हे त्याला कोर्टात लेखी जाहीर करावे लागते आणि तो कागद प्रकरणाच्या फायलीत असतो. संघीय न्यायालयांच्या 'पेसर' या ऑनलाइन प्रणालीवर पानाला १० सेंट भरून कुणीही तो पाहू शकतो, तीन महिन्यांत ३० डॉलरपर्यंतचा खर्च तर माफच होतो. फलकावरच्या वकिलाचे नाव तिथे टाकावे आणि त्याची 'चॅप्टर १३' ची किती प्रकरणे शेवटच्या हप्त्यापर्यंत पोचली आणि किती मधेच फेटाळली गेली, ते मोजून पाहावे.