रिकाम्या खुर्चीची किंमत: चेक आणि स्लोव्हाक राज्यव्यवस्थांची पार्श्वभूमी

१ जानेवारी १९९३ रोजी चेकोस्लोव्हाकिया नकाशावरून गेला आणि चेक प्रजासत्ताक व स्लोव्हाकिया हे दोन देश शेजारी म्हणून उभे राहिले. साम्यवादी राजवट कोसळून तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. कायदे तेच, नोकरशाही तीच, पहिले पाच-सहा आठवडे चलनही तेच. तरीही १९९७ मध्ये नाटोने पोलंड, हंगेरी आणि चेक प्रजासत्ताकाला आत बोलावलं, स्लोव्हाकियाला मात्र दाराबाहेर ठेवलं. याचं खापर सहसा पंतप्रधान व्लादिमिर मेचिअर यांच्या स्वभावावर फोडतात. स्वभाव तसा होताच, पण असा माणूस कुठल्याही देशात निवडून येऊ शकतो. त्याला अडवायची सोय घटनेत किती होती, हे पाहिलं तर गोष्ट जास्त उलगडते.

मुळात फाळणीलाही घटनेतलं एक जुनं कलमच कारणीभूत ठरलं. १९६८ मधला 'प्राग वसंत', म्हणजे साम्यवादी राजवट सैल करण्याचा प्रयत्न, चिरडला गेला. त्यातून जे थोडं वाचलं, त्यात संघराज्याचा कायदा होता. त्यानुसार महत्त्वाच्या विषयांवर चेक आणि स्लोव्हाक प्रतिनिधी वेगवेगळे मतदान करत आणि घटनादुरुस्तीला दोन्ही गटांची तीन-पंचमांश संमती लागे. म्हणजे ७५ स्लोव्हाक प्रतिनिधींपैकी ३१ जण अडून बसले की संपलं. साम्यवादी काळात याचा कुणालाच त्रास झाला नाही, कारण निर्णय पक्षाच्या कार्यालयात होत आणि संसदेत फक्त हात वर केले जात. १९८९ नंतर खरं मतदान सुरू झालं आणि वीस वर्षं निजलेलं हे कलम जागं झालं. जून १९९२ च्या निवडणुकीत चेक भागात व्हाक्लाव्ह क्लाउस जिंकले, स्लोव्हाक भागात मेचिअर. जुलैमध्ये स्लोव्हाक प्रतिनिधींनी चेकोस्लोव्हाकियाचे राष्ट्रपती व्हाक्लाव्ह हावेल यांची फेरनिवड रोखली आणि हावेल यांनी राजीनामा दिला. पुढचं सगळं क्लाउस आणि मेचिअर यांनी वाटाघाटींतून ठरवलं. सार्वमत घेतलंच नाही. मालमत्ता लोकसंख्येनुसार साधारण दोनास एक अशी वाटली गेली. फेब्रुवारी १९९३ मध्ये चलन वेगळं झालं तेव्हा नव्या नोटा पुरेशा नव्हत्या, म्हणून जुन्याच नोटांवर छोटी तिकिटं चिकटवून काम भागवलं. संघराज्याची चिन्हं दोघांपैकी कुणीही वापरायची नाहीत असं कायद्यात लिहिलं होतं. चेकांनी झेंडा मात्र तोच ठेवला.

राज्यघटना दोन्हीकडे १९९२ मध्येच झाल्या आणि दोन्ही देशांनी संसदीय पद्धत घेतली. फरक बारीक वाटावेत असे होते. स्लोव्हाकियात १५० जणांचं एकच सभागृह. चेकांकडे २०० जणांच्या सभागृहावर ८१ जणांचं सिनेट. हे सिनेट १९९६ पर्यंत कागदावरच होतं, आणि हवंय कशाला ही चर्चा तिथे पुढेही चालूच राहिली. राष्ट्रपती दोन्हीकडे संसदच निवडणार होती. पण चेकांकडे तिसऱ्या फेरीत उपस्थितांचं साधं बहुमत पुरे होतं, स्लोव्हाकियात मात्र दर वेळी ९० मतं हवीतच.

या नव्वदच्या आकड्याने पुढे घोळ घातला. स्लोव्हाकियाचे पहिले राष्ट्रपती मिखाल कोवाच हे मेचिअर यांच्याच पक्षाचे, पण दोघांचं लवकरच फाटलं. ऑगस्ट १९९५ मध्ये कोवाच यांच्या मुलाचं अपहरण झालं. त्याला बळजबरीने दारू पाजून सीमेपलीकडे ऑस्ट्रियातल्या हाइनबुर्ग गावात पोलीस ठाण्यासमोर गाडीत सोडून दिलं गेलं. संशयाची सुई देशाच्या स्वतःच्या गुप्तचर यंत्रणेकडे वळली. विरोधकांना दिसत होतं की कोवाच यांची मुदत संपल्यावर ९० मतं कुणालाच मिळणार नाहीत. त्यांनी थेट जनतेतून राष्ट्रपती निवडण्यासाठी सह्या गोळा करून सार्वमताची मागणी केली. मे १९९७ मध्ये मतदान ठेवलं गेलं, तर गृहखात्याने मतपत्रिकेवरून तो प्रश्नच गाळला. लोकांनी पाठ फिरवली, जेमतेम दहा टक्के मतदान झालं.

मार्च १९९८ मध्ये कोवाच पायउतार झाले आणि खुर्ची रिकामी पडली. आपल्याकडे मुदत संपली तरी नवा राष्ट्रपती येईपर्यंत जुनाच पदावर राहतो. तिथे तशी सोय नव्हती, काही अधिकार थेट पंतप्रधानांकडे आले. दुसऱ्याच दिवशी मेचिअर यांनी ते वापरून माफी जाहीर केली. कशाला? राष्ट्रपतिपुत्राच्या अपहरणाला आणि त्या सार्वमतात झालेल्या फसवणुकीला. त्या वर्षीच्या निवडणुकीत विरोधक एकत्र आले आणि मेचिअर यांची सत्ता गेली. नव्या संसदेने घटना बदलली. मे १९९९ मध्ये राष्ट्रपतीची पहिली थेट निवडणूक झाली, तीत रुडॉल्फ शुस्टर यांनी मेचिअर यांनाच हरवलं. ती माफी रद्द व्हायला मात्र २०१७ उजाडलं, त्यासाठीही घटनादुरुस्ती करावी लागली.

चेक बाजूला सगळं आलबेल होतं असं मुळीच नाही. १९९८ मध्ये क्लाउस आणि मिलोश झेमान या कट्टर विरोधकांनी करार केला: सरकार झेमान यांचं, पाडायचं नाही, आणि निवडणूक कायदा दोघांच्या मोठ्या पक्षांना फायद्याचा करायचा. बेत मेचिअर यांच्या बेतांहून फार निराळा नव्हता. पण आता चेक प्रजासत्ताकाचे राष्ट्रपती असलेल्या हावेल यांनी तो कायदा परत पाठवला, संसदेने पुन्हा मंजूर केल्यावर ते घटना न्यायालयात गेले, आणि जानेवारी २००१ मध्ये न्यायालयाने त्याचा गाभाच रद्द केला. त्याआधी दोनच महिन्यांपूर्वी मतदारांनी सिनेटमधलं या जोडीचं, घटनादुरुस्तीला लागणारं तीन-पंचमांश बळही काढून घेतलं होतं. ज्या सभागृहाला लोक नावं ठेवत होते, तेच इथे कामी आलं.

पुढे चेकांनीही राष्ट्रपतीची निवड थेट मतदारांकडे दिली, कारण संसदेतल्या निवडीचे २००३ आणि २००८ मधले घोळ लोकांनी पाहिले होते. २०१३ मध्ये झेमानच निवडून आले. अधिकार जवळपास पूर्वीचेच, पण आता पाठीशी थेट जनादेश होता. त्याच वर्षी त्यांनी संसदेतल्या पक्षांना बाजूला सारून आपल्या पसंतीचं सरकार नेमलं. ऑगस्टमध्ये ते विश्वासदर्शक ठराव हरलं, आणि तरीही पुढच्या जानेवारीपर्यंत कारभार त्याच्याच हातात होता.