जडित वेब सर्व्हर, बीएमसीमधील
सर्व्हर यंत्राच्या मदरबोर्डवरील बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलरच्या (बीएमसी, म्हणजे यंत्रावर दुरून देखरेख ठेवू देणारी स्वतंत्र चिप) फर्मवेअरमध्ये चालणारी एचटीटीपी सेवा. मुख्य प्रोसेसर बंद असला तरी बीएमसी स्टँडबाय विजेवर जागा राहतो.

उगम कोठे धरावा, याबाबत एकमत नाही. काही जण तो १९९८ च्या आयपीएमआय या सर्व्हर-देखरेखीच्या मानकापर्यंत नेतात. मात्र त्या मानकात वेब सर्व्हर नाही. २००४ च्या २.० आवृत्तीतही दूरस्थ संपर्क यूडीपी या नेटवर्क प्रोटोकॉलच्या ६२३ क्रमांकाच्या पोर्टवरून, द्विमान संदेशांनीच होतो. ब्राउझरचे पान ही उत्पादकांनी आपापल्या रिमोट कार्डांवर, बहुधा नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात, घातलेली भर होय. उगम तिकडे शोधणे अधिक सयुक्तिक दिसते. वेबला मानकाचे स्थान २०१५ मध्ये डीएमटीएफ या मानक-संस्थेच्या रेडफिश या वेबवर आधारित व्यवस्थापन-मानकाने दिले.

लाइटटीपीडीसारखे सर्वसाधारण सर्व्हर या कामी वापरले गेले आहेत. ओपनबीएमसी या मुक्तस्रोत बीएमसी-फर्मवेअरमधील बीएमसीवेब हा सी++ मधील सर्व्हर क्रो या चौकटीतून निघाला. जोडणी हाताळण्याचे काम पुढे बूस्ट बीस्ट या सी++ लायब्ररीकडे आले. बीएमसीवेबचे बरेचसे पर्याय फर्मवेअर बांधतानाच मेसन या बांधणी-साधनात ठरतात. केव्हीएम (दुरून पडदा व कळफलक), व्हर्च्युअल मीडिया (दुरून जोडलेली डिस्क) किंवा रेडफिशपूर्वीचा जुना रेस्ट मार्ग नको असेल, तर तो कोड फर्मवेअरच्या प्रतिमेत (यंत्रावर चढवायच्या फाइलीत) येतच नाही. फर्मवेअर साठवणारी फ्लॅश स्मृती अवघी ३२ किंवा ६४ मेगाबाइटांची असते, तेव्हा ही काटकसर समजण्यासारखी आहे. विनंतीच्या आकाराची मर्यादाही बांधणीच्या वेळीच ठरते. ती मूळची ३० मेगाबाइट असल्याने त्याहून मोठी फर्मवेअर प्रतिमा चढवायला गेल्यास ती नाकारली जाते, आणि दोष उगाचच प्रतिमेत शोधला जातो.

खरी गुंतागुंत टीएलएसची, म्हणजे जोडणी कूटबद्ध करून प्रमाणपत्राने ओळख पटवण्याच्या पद्धतीची. वापरण्याजोगे प्रमाणपत्र न सापडल्यास बीएमसीवेब स्वतःच्या सहीचे, दहा वर्षे मुदतीचे प्रमाणपत्र तयार करतो. मात्र घड्याळाला बॅटरी नसलेल्या फलकावर वीज गेल्यावर वेळ १९७० वर किंवा फर्मवेअर बांधणीच्या तारखेवर जाते. पहिल्या स्थितीत प्रमाणपत्राची मुदत १९८० च्या सुमारासच संपते. ब्राउझरला ते जन्मतःच कालबाह्य दिसते. ग्राहकाच्या (जोडणी करणाऱ्या संगणकाच्या किंवा व्यक्तीच्या) प्रमाणपत्रावरून ओळख पटवायची असल्यास गोष्ट उलटते: बीएमसीच्या मागासलेल्या घड्याळाला ग्राहकाचेच प्रमाणपत्र भविष्यातले वाटते. त्यामुळे आधी एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून वेळ घेऊन, घड्याळ जुळवून मगच रेडफिशच्या प्रमाणपत्र सेवेतून संस्थेचे प्रमाणपत्र बसवणे, हा क्रम श्रेयस्कर.

सत्राची निष्क्रियता मर्यादा रेडफिशनुसार ३० ते ८६,४०० सेकंदांच्या दरम्यान ठेवता येते. ‘/redfish/v1/’ हे मूळ पान लॉगिनविना वाचता येते. ती चूक नव्हे, मानकाचीच तरतूद आहे.