सोसायटीतली पावली आणि ट्रॅकचा वाद : थोडी पार्श्वभूमी

आषाढी जवळ आली की नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर तोच वाद पेटतो, पावलीला, म्हणजे टाळ वाजवत गजरावर पावलं टाकत करायच्या वारकरी नाचाला, पखवाजवाला बोलवायचा की स्पीकरवर रेकॉर्ड केलेला ट्रॅक लावायचा. हा वाद नुसता पैशाचा किंवा सोयीचा नाहीये, म्हणून जरा मागचं लिहितोय.

कीर्तनात नाचणं नामदेवांपासून आहेच, त्यात नवीन सांगण्यासारखं काही नाही. 1685 ला तुकोबांच्या धाकट्या मुलाने पालखी सुरू केली आणि ज्ञानोबा-तुकाराम हा जोडगजर तेव्हापासूनचा मानतात. आळंदीची पालखी वेगळी निघायला लागली ती 1830 च्या दशकात, आणि ती सुरू करणारे लष्करी पेशातले, त्यामुळे दिंडीला क्रम आणि शिस्त आली. पुढे 1917 ला आळंदीत वारकरी शिक्षणाची संस्था निघाली, तिथे शिकलेली मुलं गावोगाव गेली.

आपल्याकडे मात्र हे सगळं आधीपासून गावठाणात होतं. 1970 नंतर नवीन शहरासाठी 95 गावांच्या जमिनी गेल्या, शेती गेली, मिठागरं गेली, पण आगरी-कोळी गावांतला हरिनाम सप्ताह राहिला. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, पहारे लावून आळीपाळीने गळ्यात घ्यायची, पहाटे काकडा, रात्री कीर्तन आणि जागर. आजूबाजूला टॉवर आले तरी पखवाज वाजवणारी पोरं याच गावांतून तयार झाली, आणि सोसायट्यांना ती आठवतात फक्त आषाढीला, हे मला खटकतं.

ट्रॅक कधी शिरला? कॅसेटच्या काळात भजनं घरात ऐकायची, पावली त्यावर कोणी करत नव्हतं. खरा बदल कोविडमध्ये झाला. 2020 आणि 2021 ला पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, इकडे भजनी मंडळं व्हिडिओ कॉलवर आली, आणि कॉलवर दहा जणांचा टाळ एकत्र पडूच शकत नाही, आवाज मागेपुढे होतो, मग सगळ्यांनी म्यूट करून एकच ट्रॅक लावायचा हे ठरलं. निर्बंध उठले पण सवय राहिली. त्यात रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद हा नियम, क्लबहाऊसचं बुकिंग तासावर, आणि पाच मिनिटांचा ट्रॅक कार्यक्रमपत्रिकेत बरोबर बसतो.

आता मुद्द्याचं. पावलीत दोन रांगा समोरासमोर, मध्ये वीणेकरी आणि पखवाज. ठेका साधा आठ मात्रांचा, सुरुवात संथ, पुढे एक पाऊल मागे एक पाऊल, मग वाकून टाळ, मग बसून, मग उडी. लय कधी वाढवायची हे पखवाजवाला पायांकडे बघून ठरवतो. समोरच्या काकूंना धाप लागली तर तो थांबवून ठेवतो, रांग एकजीव झाली की दुगुन, म्हणजे दुप्पट लय, घेतो. तोच गजर शेकडो वेळा म्हणताना डोक्यातली बडबड बंद होते ती याच्यामुळे, कारण आपल्याला काही मोजायचं नसतं. ट्रॅकवर उलटं होतं, दुगुन कुठल्या सेकंदाला येणार हे पाठ करावं लागतं, आणि पाठ केलेल्या स्टेप्स चुकू नयेत यातच सगळं लक्ष जातं. नाच छान दिसतो पण ध्यान लागत नाही.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं मात्र खोटं नाही. बऱ्याच ठिकाणी बायकांच्या हातात टाळ दिला पण पखवाज आणि वीणा नाही दिली, पखवाजवाला पुरुष, त्याच्या वेळा वेगळ्या, नोकरीवरून साडेसातला घरी येणाऱ्या बाईने सराव कधी करायचा? ट्रॅकमुळे त्या कोणावर अवलंबून राहिल्या नाहीत, म्हणून ट्रॅकला सरसकट बाद म्हणणाऱ्या ज्येष्ठांशी माझं जमत नाही.

ठाण्यात घोडबंदर रोडला आणि इकडे नेरूळला ओळखीच्या काही मंडळांनी असं ठरवलंय की चाल बसवायला ट्रॅक, दिंडीत जिवंत वादन. नेरूळच्या मंडळाने तर सरावाच्याच वेळेत बायकांसाठी पखवाजाचा क्लास चालू केलाय, शिकवणारा गावठाणातला मुलगा आहे आणि त्याला महिन्याचं मानधन मेंटेनन्समधून द्यायचं की वर्गणीतून, यावर आता मीटिंग आहे.